आगोटीची बेगमी : रायगडचा किनारा आणि ऑनलाइन अध्ययनमंचाचे गुणविशेष

रायगड जिल्ह्याच्या, म्हणजे १९८१ पर्यंतच्या कुलाबा जिल्ह्याच्या, किनाऱ्यावर वर्षाचे दोन भाग पडत असत. पावसाची आगोट लागली की मचवे आणि होड्या ओढून वर घेतल्या जात, आणि नारळी पौर्णिमेला समुद्रास नारळ अर्पण होईपर्यंत दर्यावरची वाटचाल थांबे. धरमतर, राजपुरी व बाणकोट या खाड्यांनी परस्परांपासून तोडलेली गावे तेवढा काळ आपापल्या जागी बसून राहत. तांदूळ, मीठ, सुकी मासळी, सरपण यांची बेगमी आगोटीपूर्वी करून ठेवावयाची आणि वाट बंद झाल्यावर तिच्यावर चार महिने काढावयाचे, हा या किनाऱ्याचा जुना शिरस्ता होय. पुढे पूल झाले, रस्ते झाले, १९९८ मध्ये कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली, आणि बेगमीची निकड ओसरली. परंतु जोडणी तुटण्याचा प्रसंग या प्रदेशातून नाहीसा झाला आहे असे मात्र म्हणता येत नाही. ऑनलाइन अध्ययनमंचाचा इतिहास या किनाऱ्यावरून पाहिला असता जे दिसते ते महानगरातून सहसा दिसत नाही, याचे कारण येथेच आहे.

अध्ययनमंचाचे गुणविशेष सांगावयाचे झाल्यास एक ठरावीक यादी पुढे केली जाते: पाठ्यसाहित्याचा संग्रह, दृक्‌श्राव्य व्याख्याने, गृहपाठ स्वीकारण्याची सोय, आपोआप तपासली जाणारी चाचणी, गुणपत्रक, चर्चेची जागा, अनेकांनी मिळून एकच लेख लिहिण्याची सोय, आणि प्रत्यक्ष वर्ग भरविण्याची सोय. यादी खोटी नाही. परंतु तिच्यात एक महत्त्वाचा भेद लोपून जातो. काही गुणविशेष असे आहेत की त्यांचा उपयोग होण्यास शिक्षक व विद्यार्थी एकाच क्षणी तारेच्या दोन टोकांना हजर असावे लागतात. त्यांना एककालिक म्हणता येईल. दुसरे असे की एकाने ठेवावे आणि दुसऱ्याने सवडीने, म्हणजे वीज असेल व संपर्क असेल तेव्हा, उचलावे. ते भिन्नकालिक होत. या दोन्हींचा उगम फार जुना आहे आणि विलक्षण योगायोगाने तो एकाच वर्षातला आहे. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात १९६० मध्ये डोनाल्ड बिट्झर यांच्या पुढाकाराने ‘प्लेटो’ नावाची संगणकीय अध्यापनव्यवस्था उभी राहिली होती. तिच्यात १९७३ मध्ये ‘टॉकोमॅटिक’ नावाची सोय आली. तीत बोलणाऱ्याने टंकलेले प्रत्येक अक्षर त्याच क्षणी इतरांच्या पडद्यावर उमटे. त्याच वर्षी ‘नोट्स’ ही सोय आली. तीत एकाने टिपण लिहून ठेवावयाचे आणि दुसऱ्याने नंतर येऊन त्याखाली उत्तर लिहावयाचे. डेव्हिड वूली या तरुणाचा दोन्हींच्या निर्मितीत हात होता. आज ज्याला आभासी वर्ग म्हणतात तो टॉकोमॅटिकचा वंशज, आणि चर्चादालन हे नोट्सचे.

भिन्नकालिक परंपरेचा सर्वांत मोठा विस्तार ‘मूडल’ या मंचाने केला. त्याच्या जन्मकथेत भूगोलाचा वाटा मोठा आहे. त्याचे कर्ते मार्टिन डूगियामास यांचे बालपण पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात गेले. शाळा शेकडो मैल दूर. म्हणून धडे लघुलहरींच्या रेडिओवरून ऐकावयाचे आणि सोडविलेला अभ्यास टपालाने धाडावयाचा. ऑस्ट्रेलियातील अशा ‘आकाशशाळां’पैकी पहिली १९५१ मध्ये ॲलिस स्प्रिंग्ज येथे सुरू झाली होती. पुढे पर्थ येथील कर्टिन विद्यापीठात ‘वेबसीटी’ या व्यापारी मंचाची व्यवस्था पाहत असता डूगियामास यांना त्याच्या मर्यादा जाणवल्या आणि त्यांनी स्वतःच दुसरा मंच रचावयास घेतला. त्याची पहिली अधिकृत आवृत्ती ऑगस्ट २००२ मध्ये निघाली, आणि ती कोणालाही विनामूल्य वापरता, तपासता व बदलता येईल अशा परवान्याखाली निघाली. शिक्षक व विद्यार्थी मिळून ज्ञान घडवितात, ही शैक्षणिक भूमिका तिच्यामागे होती, आणि तिची चर्चा पुष्कळ झालेली आहे. त्या मानाने तिच्यामागील रेडिओ व टपाल यांकडे दुर्लक्ष झाले. रेडिओ एककालिक, टपाल भिन्नकालिक. मूडलच्या मूळ रचनेत चर्चादालन, गृहपाठ व चाचणी यांना जे मध्यवर्ती स्थान आहे ते पाहता टपालाचा संस्कार अधिक खोल गेला असे म्हणावयास हरकत नाही. जिवंत वर्ग भरविण्याची सोय मूडलमध्ये प्रारंभी नव्हती. ती पुढे जोडयंत्रणेच्या रूपाने आली.

सहकार्याचे हे भिन्नकालिक रूप रायगडच्या किनाऱ्यास सर्वस्वी अपरिचित होते असे नाही. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत भूचुंबकीय नोंदी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून घेतल्या जात होत्या. मुंबईत विजेच्या ट्राम धावणार असे ठरल्यावर त्या प्रवाहाने सूक्ष्म यंत्रे बिघडतील, हे ओळखून संचालक नानाभाई मूस यांच्या कारकीर्दीत ही नोंदणी १९०४ मध्ये अलिबागेस हलविण्यात आली. तेथील तक्ते मुद्रित खंडांच्या रूपाने जगभर जात आणि दूरदेशीचे अभ्यासक ते आपापल्या सवडीने पडताळत. ज्या ठिकाणी विजेची गडबड नाही तेच ठिकाण विद्येस सोयीचे ठरावे, हा प्रसंग आजच्या वाचकास चमत्कारिक वाटेल. अलिबागेच्या नोंदी ज्यांनी वापरल्या त्यांपैकी बहुतेकांनी अलिबाग पाहिले नव्हते, आणि त्यामुळे काही अडले नाही.

सामान्य विद्यार्थ्यांपर्यंत हे रूप पत्रद्वारा शिक्षणाच्या मार्गे पोचले. दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केले, मुंबई विद्यापीठाने १९७१ मध्ये. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. त्याच वर्षीच्या कायद्याने माणगाव तालुक्यातील लोणेरे येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाची स्थापना झाली आणि जिल्ह्याला स्वतःचे विद्यापीठ लाभले.

जिल्ह्यातील संगणकीय सहाध्ययनाचा एक आगळा प्रयोग मात्र किनाऱ्यावर झाला नाही, कर्जतकडच्या डोंगराळ भागात झाला. निकोलस निग्रोपॉन्टे यांनी २००५ मध्ये जाहीर केलेली ‘प्रत्येक मुलास एक संगणक’ ही योजना भारत सरकारच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ मध्ये नाकारली होती. तरीही २००७ मध्ये खैराट येथील एका लहानशा एकशिक्षकी प्राथमिक शाळेत तिचे हिरवे-पांढरे संगणक आले. भारतातील तो पहिला प्रयोग. त्या यंत्रांवरील ‘शुगर’ या व्यवस्थेचे दोन गुणविशेष येथे लक्षात घ्यावयाचे आहेत. पहिला असा की मुलाने केलेले प्रत्येक काम एका रोजनिशीत आपोआप जमा होई. ‘फाइल जतन करा’ ही आज्ञा त्यास शिकावी लागत नसे. दुसरा अधिक महत्त्वाचा. जवळपासची यंत्रे मध्यस्थ तारेवाचून एकमेकांशी जोडली जात, पडद्यावर शेजाऱ्यांची चिन्हे दिसत, आणि दोघे-तिघे एकाच लेखावर किंवा चित्रावर एकाच वेळी काम करू शकत. त्यासाठी इंटरनेटची गरज नव्हती. वर केलेल्या भेदास या उदाहरणाने मुरड घालावी लागते. शुगरमधील सहकार्य एककालिकच होते, पण ते तालुक्याच्या मनोऱ्यावर अवलंबून नव्हते. तेव्हा एखादा गुणविशेष तग धरील की नाही हे ठरविताना दोन प्रश्न विचारले पाहिजेत: दोघे एका क्षणी हजर असावे लागतात काय, आणि त्यांच्यामधील दुवा किती लांबून येतो. अर्थात विजेचा प्रश्न शिल्लक राहिलाच. भारनियमनाच्या त्या वर्षांत यंत्रांची विद्युत्‌घटे भरून घेणे हेच खेड्यातील शाळेस एक काम होऊन बसे. जगभर या योजनेवर झालेल्या टीकेत दुरुस्तीची आबाळ व शिक्षकांच्या तयारीची उपेक्षा हे मुद्दे वारंवार आले आहेत आणि ते अन्याय्य म्हणता येत नाहीत.

उच्च शिक्षणात पवईच्या आय. आय. टी.चा प्रभाव या किनाऱ्यापर्यंत पोचला. देशातील आय. आय. टी. व बंगळूरची विज्ञान संस्था यांनी मिळून चालविलेला ‘एनपीटीईएल’ हा व्याख्यानसंग्रह २००३ पासून आकारास आला. २००९ च्या माहिती-तंत्रज्ञानाधिष्ठित राष्ट्रीय शिक्षण अभियानानंतर दीपक फाटक यांच्या नेतृत्वाखाली पवईहून दूरस्थ केंद्रांतील हजारो महाविद्यालयीन शिक्षकांची प्रशिक्षणे झाली. त्यांत व्याख्यान एककालिक असे आणि स्वाध्याय मूडलवर, अशी जोड होती. कन्नन मौदगल्य यांच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ उपक्रमाने याहून वेगळी वाट धरली. सुमारे दहा मिनिटांचा पाठ, निवेदन मराठीसह अनेक भारतीय भाषांत, आणि सर्व साहित्य तबकडीवर वा संगणकावर उतरवून घेऊन इंटरनेटवाचून चालविता येईल असे. पाठ एका बाजूस व सराव दुसऱ्या बाजूस ठेवून विद्यार्थ्याने एकट्याने शिकावे, ही त्याची पद्धत. आगोटीची बेगमी ज्यास ठाऊक आहे त्यास या रचनेचे मर्म समजावून सांगावे लागत नाही. पुढे ९ जुलै २०१७ रोजी ‘स्वयं’ हा राष्ट्रीय मंच सुरू झाला. व्याख्यान, वाचनसाहित्य, स्वयंमूल्यमापन व चर्चा असे त्याचे चार भाग असून पहिले तीन निखळ भिन्नकालिक आहेत; चौथाही मुख्यतः तसाच. लोणेरे विद्यापीठाने आपल्या अभियांत्रिकी अभ्यासक्रमात ‘स्वयं’वरील पाठ्यक्रमांना स्थान दिले. विद्यापीठ अनुदान आयोगाने अशा पाठ्यक्रमांतून मिळविता येणाऱ्या श्रेयांकांची मर्यादा २०१६ मध्ये वीस टक्के ठेवली होती. २०२१ मध्ये ती चाळीस टक्के केली. म्हणजे मंचाचे गुणविशेष हा विषय यंत्रविभागापुरता राहिला नाही, पदवीशी बांधला गेला.

या सर्व रचनेची खरी परीक्षा २०२० मध्ये झाली. १५ मार्च २०२० रोजी भाऊचा धक्का ते मांडवा ही मोटारी वाहून नेणारी जलसेवा सुरू झाली आणि मुंबई किनाऱ्यास जवळ आली असे वाटले, तो दहा दिवसांत देशव्यापी टाळेबंदी आली. शाळा-महाविद्यालये बंद पडली. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने एप्रिलमध्ये ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ हा उपक्रम हाती घेतला. रोजचे पाठ ‘दीक्षा’ मंचाच्या दुव्यांच्या रूपाने व्हॉट्सॲपवरील गटांतून पालकांच्या मोबाइलवर जाऊ लागले. ५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झालेल्या ‘दीक्षा’चा मुख्य गुण असा की पाठ्यपुस्तकातील क्यूआर संकेत टिपून त्या पाठाचे साहित्य उघडता येते आणि ते यंत्रात उतरवून ठेवून पुढे संपर्कावाचून पाहता येते. महाविद्यालयांनी मात्र बहुधा जिवंत वर्गाचा मार्ग स्वीकारला. त्याची कारणे समजण्याजोगी आहेत. वेळापत्रक तेच राहते, हजेरी घेता येते, शिक्षकास आपली नित्याची व्याख्यानपद्धती बदलावी लागत नाही. घाईने घेतलेल्या निर्णयात परिचित रूपाचे आकर्षण प्रबळ ठरले, आणि मंच म्हणजे पडद्यावर भरलेला वर्ग ही कल्पना रूढ झाली.

३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळले. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर होता. मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा या तालुक्यांत नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, घरांची छपरे गेली, विजेचे खांब ओळीने कोसळले, मोबाइलचे मनोरे मुके झाले. काही गावांत वीज परत यावयास आठवडे लागले. श्रीवर्धनच्या सुपारीची नवी लागवड फळावर यावयास काही वर्षे जावी लागतात. त्या बागाईतदाराच्या घरी नव्या मोबाइलची किंवा डेटाची मागणी कोणत्या क्रमांकावर येत असेल, हे सांगावयास नको. वादळानंतर बारा दिवसांनी, १५ जूनला, राज्य शासनाने नव्या शैक्षणिक वर्षाच्या प्रारंभाविषयीचे परिपत्रक काढले. शक्य तेथे प्रत्यक्ष, अन्यत्र ऑनलाइन वा अन्य साधनांनी शिक्षण सुरू करावे, असा त्याचा आशय होता. शासनाचे कालमान पंचांगाप्रमाणे बरोबर होते. किनाऱ्यावर त्याच वेळी तारा जोडल्या जात होत्या.

अशा परिस्थितीत अध्ययनमंचाचे गुणविशेष एकेक करून तपासले म्हणजे त्यांतील भेद स्पष्ट होतो. जिवंत वर्ग मनोऱ्याबरोबर संपतो. आणि चुकलेला वर्ग हा चुकलेलाच राहतो, कारण त्याची चित्रफीत ठेवली तरी ती पाहावयास पुन्हा तेवढाच डेटा लागतो. चित्रफितीपेक्षा ध्वनिफीत हलकी, ध्वनिफितीपेक्षा मजकूर कितीतरी हलका. मूडलच्या मोबाइल अ‍ॅपमध्ये पाठ अगोदर उतरवून घेता येतो, ठरावीक प्रकारच्या चाचण्या संपर्काबाहेर सोडविता येतात, आणि संपर्क आला की उत्तरे आपोआप सर्व्हरवर जातात. येथे शिक्षकाने चाचणीच्या मांडणीत ती परवानगी अगोदर देऊन ठेवलेली असावी लागते. गुणविशेष मंचात आहे, पण तो सुरू केलेला नाही, या अवस्थेचा विद्यार्थ्याच्या दृष्टीने अर्थ तो नाही असाच होतो. गृहपाठाची मुदतही तशीच. मुदत रात्री बाराला संपते की आठवडाभर उघडी राहते, हा पडद्यावरच्या एका रकान्यातील निर्णय. परंतु म्हसळ्यातील विद्यार्थी उत्तीर्ण की अनुत्तीर्ण, हे त्यावर ठरू शकते. व्हॉट्सॲपला अध्ययनमंच म्हणावयास शिक्षणतज्ज्ञ नाखूष असतात. त्यात गुणपत्रक नाही, पाठांची मांडणी नाही, कालचा मजकूर आजच्या शुभेच्छांखाली गाडला जातो. तरीही संपर्क येईपर्यंत निरोप राखून ठेवणे आणि दुवा येताच तो पोचविणे हा त्याचा अंगभूत धर्म आहे, आणि त्या एका गुणावर त्याने अनेक सर्वगुणसंपन्न मंचांना मागे टाकले.

महानगर या अडचणींपासून मुक्त आहे अशी समजूत करून घेण्याचेही कारण नाही. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज गेली तेव्हा मुंबई विद्यापीठास त्या दिवसाच्या ऑनलाइन परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. फरक असा की तेथे वीज काही तासांत आली आणि परीक्षेची तारीखच बदलली. श्रीवर्धनची वीज गेल्याने कोणाची तारीख बदलत नाही. त्यानंतर मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेले आणि २२ जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत महाड शहर पाण्याखाली गेले. त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळून अनेकांचे प्राण गेले. जेथे माणसांचाच शोध चालू आहे तेथे अध्ययनमंचाची गोष्ट काढणे अप्रस्तुत वाटेल. परंतु महाडच्या आसपासच्या गावांतील विद्यार्थ्यांचे वर्ग त्या महिन्यातही ऑनलाइनच होते, आणि हजेरीपटात पुरासाठी वेगळा रकाना नसतो.

भिन्नकालिक पद्धतीच्या पुरस्कर्त्यांनी एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. या पद्धतीत विद्यार्थी एकटा पडतो. खुल्या ऑनलाइन पाठ्यक्रमांत नाव घालणाऱ्यांपैकी ते पूर्ण करणारे थोडे असतात, हे जगभर दिसून आले आहे. चर्चादालनात प्रश्न टाकून उत्तराची वाट पाहत बसणे आणि समोरच्या शिक्षकाच्या चेहऱ्यावरून आपली चूक ओळखणे यांत अंतर आहे. पहिल्या पिढीतील शिकणाऱ्यास तर शिक्षकाचा आवाज हाच कित्येकदा टिकून राहण्याचा आधार असतो. शिवाय भिन्नकालिक अध्यापनात शिक्षकाचे श्रम वाढतात: पाठ आगाऊ लिहावा लागतो, प्रत्येक उत्तरावर लेखी शेरा द्यावा लागतो, आणि हे काम तासिकांच्या हिशेबात धरले जात नाही. बेगमी करणाऱ्याचे कष्ट आगोटीपूर्वीचे असतात. ज्या संस्थेत शिक्षक तासिकातत्त्वावर नेमला जातो तेथे त्याने जिवंत वर्गावर भागविले तर त्यास दोष देता येणार नाही. दोष हिशेबाच्या पद्धतीकडे जातो.

इतिहासाच्या अभ्यासकास आणखी एका बाजूने या भेदाचे महत्त्व आहे. जिवंत वर्ग आपल्यामागे फारच थोडी साधने ठेवतो. कोण आले व कोण गेले याची नोंद उरते. काय विचारले गेले ते बहुधा उरत नाही. उलट चर्चादालनातील टिपणे, गृहपाठावरील शेरे, उशिरा आलेल्या उत्तरांबरोबरच्या सबबी हे सर्व लेखी स्वरूपात, वेळेच्या नोंदीसह, सर्व्हरवर साठते. वादळानंतरच्या महिन्यांत किनाऱ्यावरील विद्यार्थी कसा शिकला, हे उद्या सांगावयाचे झाल्यास दप्तर हेच. हे दप्तर परक्या जागेत ठेवले असल्यास त्याचे भवितव्यही परक्याच्या हाती जाते. गूगलने शिक्षणसंस्थांना पूर्वी दिलेली अमर्याद साठवण २०२१ मध्ये मागे घेण्याचे जाहीर केले आणि २०२२ पासून प्रत्येक संस्थेस मर्यादा आली, तेव्हा जागा मोकळी करताना प्रथम काढून टाकली जाणार ती जुन्या वर्गांची ध्वनिचित्रमुद्रणेच. संस्थेच्या स्वतःच्या सर्व्हरवरील मूडलही याबाबत निर्धोक नाही. त्यात पाठ्यक्रम ‘रीसेट’ करण्याची एक सोय आहे. नवे वर्ष सुरू करताना शिक्षकाने ती वापरली म्हणजे पाठ, चित्रे, प्रश्नसंच हे शिक्षकाचे साहित्य जागेवर राहते. आणि शिक्षकाने तसे निवडल्यास विद्यार्थ्यांची नावे, त्यांची उत्तरे आणि चर्चादालनातील त्यांचे लिखाण पुसले जाते. ही सफाई साधारणपणे जूनमध्ये, नवे प्रवेश सुरू होताना, केली जाते. जुन्या पाठ्यक्रमाची प्रत अगोदर काढून ठेवण्याची सोयही त्याच पानावरून थोड्या अंतरावर आहे. ज्या महाविद्यालयांत एखाद्या कारकुनाने वा शिक्षकाने २०२० व २०२१ च्या प्रती अशा काढून तबकडीवर किंवा वेगळ्या संगणकावर ठेवल्या असतील, तेथील त्या दोन वर्षांच्या अध्यापनाचा इतिहास लिहिता येण्याजोगा आहे.